वार्ता

लहानपणी आमच्या गल्लीत लाइट गेली की सगळी पोरं मामांच्या उंबऱ्यावर जमायची आणि एकच गलका करायची, "मामा, वार्ता कहो ने!" गल्ली सुरतेतल्या उधन्याची. पोरं निम्मी खानदेशी, काही ओडिया, काही युपीची, दोन-चार अस्सल सुरती. पण खेळायची भाषा गुजराती. आणि गुजरातीत वार्ता म्हणजे गोष्ट. मामा मूळचे श्रीरामपूरकडचे, त्यांच्या लेखी वार्ता म्हणजे बातमी. ते शिळा पेपर उलगडायचे, अंधारात चष्मा पुसायचे आणि गंभीर आवाजात सुरू करायचे, "आजची ताजी वार्ता अशी, की तापीतून एक सुसर वर आली आणि तिने रिंग रोडवर साड्यांचं दुकान टाकलं." पुढे त्या सुसरीला उधारी कशी बुडाली, तिने माल परत मागितल्यावर व्यापारी काय म्हणाले, हे सगळं आकड्यांसकट यायचं. आम्हाला ते खरंच वाटायचं, कारण पेपरात होतं ना!

मामा म्हणजे आईचे सख्खे भाऊ नव्हेत. शेजारच्या खोलीत एकटे राहायचे, पांडेसऱ्याच्या एका प्रोसेस हाउसमध्ये बाबांबरोबर कामाला होते. आई त्यांना दादा म्हणायची म्हणून ते आमचे मामा. आणि माझ्यापुरतं सांगायचं तर ते माझे धर्मपिता. माझ्या स्नानसंस्काराच्या वेळी मेणबत्ती त्यांच्या हातात होती.

हे सगळं मला या वर्षी एका जर्मन पुस्तकामुळे आठवलं. आमच्या वर्गात हेर्मान हेस म्हटलं की 'सिद्धार्थ'. तो सगळ्यांनी वाचलेला असतो किंवा वाचल्यासारखा चेहरा तरी करता येतो. मी त्यातलं काहीतरी वेगळं शोधताना लायब्ररीत मला जॅक झाइप्स यांनी १९९५ साली इंग्रजीत आणलेल्या हेसच्या परीकथा मिळाल्या. बावीस आहेत. त्यातल्या गाजलेल्या सगळ्या १९१९ साली बर्लिनच्या एस. फिशर प्रकाशनाने काढलेल्या एका छोट्या संग्रहातल्या. संग्रहाचं नाव नुसतंच 'मेर्शेन', म्हणजे परीकथा. मात्र या गोष्टी मुलांना झोपवायला लिहिलेल्या नाहीत. यात राजकन्येचं लग्न होत नाही. एक माणूस डोंगर व्हायचं मागतो आणि डोंगर होतो, मग शतकं जातात, खालचं गाव नाहीसं होतं, आणि डोंगराला हळूहळू आपण कोण होतो तेच आठवेनासं होतं. असली गोष्ट मुलांना रात्री सांगितली तर घरात कुणीच झोपणार नाही.

मग मी 'मेर्शेन' हा शब्द शोधायला गेले आणि मला मामा आठवले. 'मेर' या जुन्या जर्मन शब्दाचा अर्थ बातमी, खबर. त्याचं लाडाचं, छोटं रूप म्हणजे 'मेर्शेन'. छोटीशी खबर. मार्टिन ल्यूथरच्या नाताळगीतात देवदूत गव्हाणीतल्या बाळाविषयी जे सांगतो त्यालाही हाच 'मेर' शब्द आहे. (आम्ही कॅथलिकांनी ल्यूथरचं नाव जरा बेतानेच घ्यावं, पण नाताळगीतापुरती सवलत असावी.) म्हणजे जर्मनमध्ये जो शब्द बातमीपासून गोष्टीपर्यंत चालत गेला, त्याच वाटेची दोन टोकं मराठी आणि गुजरातीने वाटून घेतली आहेत. आमच्या गल्लीत ती दोन्ही टोकं रोज संध्याकाळी एका उंबऱ्यावर भेटत होती. आपल्या मिस्सेत वाचतात त्या शुभवर्तमानातही 'वर्तमान' म्हणजे बातमीच की. वर्तमानपत्रातलं वर्तमान.

हेसच्या घरात हा बातमीचा धंदा आधीपासून होता. त्याचे आजोबा हेर्मान गुंडर्ट हे बासेल मिशनचे मिशनरी. केरळात थलश्शेरीला राहून त्यांनी मल्याळमचं व्याकरण लिहिलं, कोश केला, तो १८७२ साली छापला गेला; आजही मल्याळी माणसं त्यांचं नाव आदराने घेतात. त्यांनीच १८४७ साली 'राज्यसमाचारम्' काढलं, ते मल्याळममधलं पहिलं वृत्तपत्र मानतात. हेसची आई मारी १८४२ साली थलश्शेरीलाच जन्मली. वडीलही काही वर्षं भारतात मिशनच्या कामात होते. हेस स्वतः मात्र १९११ साली पूर्वेकडे निघाला तो सिलोन, सुमात्रा, सिंगापूर करून परत गेला. आईच्या गावापर्यंत पोचलाच नाही. मला हे वाचून फार बरं वाटलं, का कोण जाणे. मीही सुरतेत जन्मून स्वतःला नगर जिल्ह्याची सांगते आणि श्रीरामपुरात आयुष्यात चारदा गेले आहे.

त्या गोष्टींचा काळ साधा नाही. १९१४ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर हेसने स्वित्झर्लंडच्या वर्तमानपत्रात लेख लिहून जर्मन लेखकांना द्वेषाच्या गाण्यांपासून आवरायला सांगितलं, तर मायदेशात त्याला देशद्रोही ठरवलं गेलं. पुढे तो बर्नमध्ये बसून युद्धकैद्यांना पुस्तकं पाठवायचं काम करत होता. १९१६ मध्ये वडील वारले, धाकटा मुलगा आजारी, बायकोचं मानसिक दुखणं वाढत गेलेलं, शेवटी तो स्वतः ल्युसर्नला मनोविश्लेषकाकडे जाऊ लागला. त्या दिवसांतल्या एका गोष्टीचं नाव आहे, परक्या ताऱ्यावरून आलेली नवलाची खबर. भूकंप झालेल्या एका गावात मेलेल्यांना पुरायला फुलं उरलेली नाहीत, म्हणून एक पोरगा राजाकडे फुलं मागायला निघतो, आणि एक पक्षी त्याला वाटेत भलत्याच ताऱ्यावर नेतो, जिथे माणसं एकमेकांना मारून तशीच उघड्यावर टाकतात. तो तारा कोणता ते १९१५ च्या वाचकाला सांगावं लागत नव्हतं. आपल्यालाही लागत नाही.

पण मला लिहायचं आहे ते 'ऑगस्टस'बद्दल. ही १९१३ सालची.

एका तरुण बाईचा नवरा लग्नानंतर लवकरच वारलेला असतो. पोटात मूल. शेजारी एक म्हातारा राहतो, एकटा, थोडा विक्षिप्त, त्याच्या खोलीतून संध्याकाळी बारीक, गोड संगीत ऐकू येतं. मूल झाल्यावर तोच त्याचा धर्मपिता होतो, आणि बाप्तिस्म्याच्या दिवशी आईला सांगतो, माझ्याकडचं संगीत वाजायला लागलं की मुलाच्या कानात त्याच्यासाठी एक इच्छा सांग, ती पुरी होईल. बिचारी दिवसभर विचार करते. पैसा मागू, रूप मागू, बळ मागू? वेळ संपत येते आणि शेवटच्या क्षणी तिच्या तोंडून निघतं, सगळ्यांना तुझ्यावर प्रेम करावंच लागेल.

आणि तसंच होतं. ऑगस्टस खोडी काढतो, लोक हसतात. ऑगस्टस फसवतो, लोक त्यालाच जवळ घेतात. प्रेम त्याच्याकडे नळाच्या पाण्यासारखं येत राहतं, त्याला कधी बादली घेऊन रांगेत उभं राहावं लागत नाही. त्यामुळे त्याच्या स्वतःच्या आत काही झिरपतच नाही. शेवटी कंटाळून तो विषाचा पेला भरून बसतो, तेव्हा म्हातारा धर्मपिता येतो, तो पेला स्वतः पिऊन टाकतो आणि म्हणतो, चूक तुझ्या आईची आणि माझीही. आता तू एक माग. ऑगस्टस मागतो, माझी जुनी जादू काढून घे आणि मला लोकांवर प्रेम करता येऊ दे. मग लगेच सगळं उलटतं. ज्यांना फसवलं ते धावून येतात, तो तुरुंगात जातो, म्हातारा आणि कुरूप होऊन बाहेर पडतो, आणि त्याला रस्त्यावरचा प्रत्येक चेहरा सुंदर दिसायला लागतो.

हॉस्टेलच्या गच्चीत वाचत होते. संपल्यावर पुस्तक मिटलं आणि मला घाम फुटला, कारण ही गोष्ट मला माहीत होती. माझीच होती.

आमच्या घरात ती अशी सांगतात. माझ्या वेळी आईला सातवा होता. सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीची यात्रा असते, सगळ्या नगर जिल्ह्यातून आणि बाहेरून माणसं लोटतात, फक्त ख्रिस्तीच नव्हेत. सुरतेहून शिर्डीची बस सोयीची, म्हणून आई, बाबा, ताई आणि मामा साईभक्तांच्या गाडीत बसून निघाले आणि पुढे टमटमने हरेगावला पोचले. तिथे मतमाउलीसमोर आईने नवस केला की पोटातल्या लेकराला सगळ्या दुनियेने जीव लावावा. मेणबत्ती वाऱ्याने तीनदा विझली आणि तीनदा आपोआप पेटली. (तिसऱ्यांदा पेटते तेव्हा मामा नेहमी थांबायचे आणि चहा मागायचे.)

नवस फळला, हे मी आकडे देऊन सांगू शकते. ताई बारावीनंतर थांबली, साड्यांना लेस लावायचं काम घरी आणू लागली, साडीमागे अडीच रुपये, आणि माझं नाव सिस्टर्सच्या इंग्रजी शाळेत टिकलं. आई त्याच साड्यांचे धागे कापते, तिच्या अंगठ्याच्या नखाला कात्रीची खाच पडली आहे. मुंबईत प्रवेश मिळाला तेव्हा पहिल्या वर्षाचे हॉस्टेलचे पैसे मामांनी भरले. भिशी लागली होती म्हणाले. मी थँक यू म्हटलं. इंग्रजीत म्हटलं की ते पटकन उरकतं.

मागच्या ऑगस्टमध्ये मामांना लकव्याचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. ताईचा फोन आला तेव्हा माझ्या इंटर्नल्स चालू होत्या. त्या आठवड्यात संपल्या. मग मंडळाचा कार्यक्रम होता, त्याचं निवेदन माझ्याकडे. तुमच्यापैकी पुष्कळजण तिथे होतात. छान झालं म्हणालात. मग नाताळला जाऊच की, असं ठरलं. मुंबई सेंट्रलहून संध्याकाळी फ्लाइंग राणी सुटते, रात्री सुरत. ती रोज सुटते. चार महिने रोज सुटत होती.

म्हणून 'ऑगस्टस'वर मंडळात बोलताना मी जे म्हणाले ते आता मला थोडं नाटकी वाटतं. मी म्हणाले होते की हेस शेवट फार गोड करतो. ऑगस्टस बर्फातून चालत लहानपणच्या घरी येतो, म्हातारा धर्मपिता शेगडीजवळ वाट बघत असतोच, पुन्हा ते संगीत वाजतं आणि सगळं माफ. विष पिऊनही म्हातारा मरत नाही, कसं काय? मी जी. ए. कुलकर्णींचं उदाहरण दिलं. मोठ्यांसाठी अद्भुतकथा मराठीत कुणी पूर्ण ताकदीने लिहिल्या असतील तर धारवाडला इंग्रजी शिकवणाऱ्या या माणसाने. १९७५ च्या 'रमलखुणा'त दोनच दीर्घकथा आहेत, 'प्रवासी' आणि 'इस्किलार'. कुठलं राज्य, कुठलं शतक, काही कळत नाही, आणि तरी दगडाचा गारवा हाताला लागतो. जेम्स स्टीफन्सचं 'सोन्याचे मडके' त्यांनीच मराठीत आणलं, म्हणजे परीकथेची गंमतही त्यांना पुरेपूर कळत होती. पण त्यांच्या जगात चुकीचा वर मागितला तर मागितला. विषाचा पेला दुसरं कुणी येऊन पीत नाही. मला तेव्हा जी. ए. जास्त प्रामाणिक वाटले होते.

अजूनही काही बाबतीत वाटतात. हेसची 'कवी' नावाची गोष्ट घ्या. एक चिनी तरुण लग्न ठरलेलं असताना वाग्दत्त वधूला सोडून परिपूर्ण शब्दांच्या गुरूकडे जातो, वर्षानुवर्षं वीणा शिकतो, आणि परत येतो तेव्हा घरचं कुणी उरलेलं नसतं. नदीत दिव्यांचा उत्सव चाललेला असतो, आणि खरे दिवे कोणते, प्रतिबिंबं कोणती, ते त्याला वेगळं करता येत नाही. फार सुंदर आहे. पण ती मुलगी? तिच्या बाजूने एक पानही नाही. 'मेर्शेन' छापून आलं त्याच १९१९ साली हेस बायको आजारी आणि तीन मुलगे दुसऱ्यांच्या हवाली असताना एकटा दक्षिणेला, मोंतान्योलाला राहायला गेला. सुंदर चित्रं काढली तिथे. मला हे समजतं आणि रागही येतो, आणि राग आला की लगेच ताईच्या साड्यांचा ढीग दिसतो, त्यामुळे फार वेळ रागावता येत नाही.

नाताळच्या दोन दिवस आधी घरी पोचले. मामांची खाट आता आमच्याच खोलीत आहे, ताईने त्यांच्याभोवती साडीचा पडदा लावला आहे. अर्धा चेहरा ओळखीचा, अर्धा नाही. त्यांच्याजवळ आता दोन-तीन शब्द उरलेत. 'हां', 'नाय', आणि एक असा आवाज ज्याचा अर्थ फक्त ताईला कळतो. मला बघून ते 'हां' म्हणाले. मी त्यांच्या डाव्या बाजूला बसले, कारण डावा हात चालतो.

काय बोलायचं ते सुचेना. मी पुस्तक काढलं आणि 'ऑगस्टस' वाचू लागले, इंग्रजीवरून जमेल तसं मराठी करत. पहिल्या पानावरच अडले, कारण त्या जर्मन गल्लीचं नाव माझ्या तोंडात बसेना. मग मी गल्ली उधन्यात आणली. म्हाताऱ्याच्या खोलीतलं संगीत बाहेरच्या लूमच्या खटखटीतून ऐकू येतं असं केलं. मामा डोळे मिटून ऐकत होते. आईने नवस मागितला, सगळ्या दुनियेने याला जीव लावावा, तिथे आले आणि मामा म्हणाले, "नाय."

मी थांबले. "काय नाय, मामा?"

"नाय. नाय." डावा हात आईकडे.

आई खाली बसून धागे कापत होती. मान वर न करता म्हणाली, "आगं, त्यांना हसू येतंय. कसला नवस अन् कसलं काय."

"म्हणजे? हरेगावचा?"

"हरेगावला गेलते ना. पर मला पोरगं पायजे व्हतं. ताईच्या पाठीवर पोरगं होऊ दे, एवढंच मागितलं मतमाउलीला. दुसरं काय मागनार?" कात्री चालूच. "तू झाली तवा मी दोन दिस बोलले न्हाई कुनाशी. तुझे बाबा पन गप. तवा दादा आले पेढे घेऊन, सगळ्या चाळीत वाटले अन् सांगत सुटले, वैनीनं नवस केलता, मेनबत्ती तीनदा पेटली. मीच ऐकत राहिले. नंतर मलाबी खरं वाटाया लागलं."

ताई म्हणाली, "मला माहीत होतं." ताईला सगळंच माहीत असतं.

मी मामांकडे पाहिलं. त्यांचा चांगला असलेला अर्धा चेहरा खरोखरच हसत होता. एकवीस वर्षं मी ज्याला नवस समजत होते ती पेढे वाटताना रचलेली वार्ता होती. मग मला लहानपणापासून जीव लावणारी ती सगळी चाळ, ओडिया काकू, समोरचे मास्तर, लोचो आणून देणारा लूमवाला, हे कुणी बांधील नव्हतेच. त्यांना एक गोष्ट सांगितली गेली होती आणि ते त्या गोष्टीप्रमाणे वागले. मेणबत्ती तीनदा पेटली म्हटल्यावर कोण त्या पोरीला नाही म्हणेल?

पुढची गोष्ट वाचायचं मला धैर्य झालं नाही. विषाच्या पेल्यापर्यंत तर नाहीच. मी विचारलं, "भिशीही तुम्ही रचलेली होती का?" त्यांनी डोळे मिटून घेतले. ताईने माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा लेसला लागली.

पुस्तक बाजूला ठेवलं तसा त्यांचा डावा हात उशीखाली काहीतरी चाचपू लागला. तो तिसरा आवाज. "पेपर," ताई म्हणाली. "रोज वाचून दाखवावा लागतो."

पेपर गुजराती होता, मी वाचायला हळू आहे. पहिल्या पानावर निवडणूक, मग सोन्याचा भाव, मग एका मिलच्या आगीची बातमी, त्यात कुणाला काही झालं नव्हतं. ती मी दोनदा वाचली. मग उकाई धरणाच्या पाण्याची पातळी. तीही वाचली. मामांनी पान उलटायची खूण केली.